धुकं पिणारे रेडवुड 🌲

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरचे कोस्ट रेडवुड हे जगातले सर्वांत उंच वृक्ष. त्यातला विक्रमवीर ‘हायपेरिऑन’ जवळपास ११६ मीटर उंच आहे. म्हणजे चांगली पस्तीस मजली इमारत!

एवढ्या उंचीवर पाणी चढवायचं कसं? उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळपास नसतोच, पण पॅसिफिकवरून दाट धुकं येतं. पानं त्यातला ओलावा थेट शोषतात. उरलेलं पाणी थेंबाथेंबानं गळून मुळांना मिळतं.

साल जवळजवळ फूटभर जाड आणि त्यात टॅनिन भरपूर. त्यामुळे आग आणि कीड सहजासहजी आत शिरत नाही. २०२० च्या वणव्यात कॅलिफोर्नियाच्या बिग बेसिन उद्यानातले रेडवुड शेंड्यापर्यंत करपले, पण काही महिन्यांतच त्या काळ्या खोडांवर हिरवेगार कोंब फुटले.

यातली काही झाडं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. मात्र बेसुमार तोडीमुळे मूळ जंगल जेमतेम ५ टक्के उरलंय. बघ्यांनी जमीन तुडवल्यामुळे २०२२ पासून हायपेरिऑनजवळ जायलाही बंदी आहे. पकडलं गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड.

तिकडे गेलात तर आखलेली पायवाट सोडू नका. तिथूनही मान दुखेपर्यंत बघण्यासारखं भरपूर आहे!