लोकसेवकांची सचोटी आणि आपण व्यापारी

लाचलुचपतीचा विषय निघाला की आम्ही व्यापारी बहुधा सरकारी नोकरांकडे बोट दाखवितो. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु कायदा कोठे अपुरा पडतो व माणसाची नीती कोठे कामास येते, हे पाहिल्यावाचून त्याचा उपयोग नाही.

डिचोली तालुक्याचेच उदाहरण घेऊ. पोर्तुगीज अमदानीतील खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे पट्टे झाले. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. खाणी मात्र २०१२ पर्यंत चालूच होत्या. पुढे ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण झाले. १२ जानेवारी २०१५ रोजी लिलाव अनिवार्य करणारा वटहुकूम निघाला. काही नूतनीकरणे तर त्याच दिवशीची होती. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ती सर्व रद्द केली. खाणी थांबल्या आणि ट्रकवाल्यापासून पेठेतल्या दुकानदारापर्यंत साऱ्यांना त्याची झळ बसली. कोणी पैसा घेतला, असे आम्ही म्हणत नाही. नियम असूनही वेळीच 'हे होणार नाही' असे म्हणणारी लेखणी पुढे आली नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

पेडणे तालुक्यातील पत्रादेवीच्या सीमेवर पूर्वी विक्रीकरासाठी मालाचे ट्रक थांबत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तशा चौक्या उठल्या. अडवणुकीची जागा कमी झाली की मोहही कमी होतो. तथापि परवाना, मोजणी, तपासणी यांवर कोणाची तरी सही लागतेच, आणि त्या सहीमागचा माणूस कायद्याला घडविता येत नाही. लोकायुक्तही शिफारस करतात. अंमलबजावणी शासनाच्याच हाती असते.

यात आमचा वाटा कोणता? २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार नोंदविणे आवश्यक आहे. तेव्हा 'काम लवकर व्हावे म्हणून दिले' ही सबब आता उरली नाही. टाळी एका हाताने वाजत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याचा 'नाही' आपण मानाने स्वीकारला, तरच त्याची सचोटी टिकेल, आणि तिच्याबरोबर आपल्या पेढीची पतही.