शरणपूरची शाळा आणि तिचे आफ्रिकी विद्यार्थी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना आपले मूळ गाव कोणते, खापरपणजोबांचे नाव काय, याचा पत्ता पुष्कळदा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत लागतो. त्याच नाशिकास ‘शरणपूर रोड’ नावाचा एक रहदारीचा रस्ता आहे. त्यावरून आपण अनेकदा गेलो असू. पण शरणपूर म्हणजे कोणाला शरण दिलेले पूर, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तेथे एके काळी अशी मुले शिकत होती की ज्यांच्या वाडवडिलांचे नाव जगातील कोणत्याही वहीत नव्हते.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातली ही गोष्ट. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली अरबी गलबते इंग्रजांची लढाऊ जहाजे समुद्रात अडवीत. सुटका झालेल्या माणसांपैकी कित्येकांना मुंबईस आणून उतरवीत. त्यांत लहान मुले फार. गाव जळालेले, आईबाप कोठे गेले ठाऊक नाही, परत पाठवावे तर पुन्हा बाजारात विकली जाण्याचे भय. मुंबई सरकार अशी मुले मिशनच्या शाळांकडे सोपवी. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ वसवलेली शरणपूरची वसाहत त्यांपैकी एक. ही सोसायटी अँग्लिकन पंथाची. बिशपांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या या पंथालाच अमेरिकेत ‘एपिस्कोपल’ म्हणतात. शाळेत अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही शिकवीत.

या कामात दया होती, यात संशय नाही. पण तिची किंमतही होती. मुलांना नवा धर्म मिळाला आणि नवे नावही. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही नावे ऐकून कोणी लंडनचे कारकून डोळ्यांपुढे आणील. ज्यांचे सगळे लुटले गेले होते त्यांच्याजवळ उरलेली शेवटची वस्तू म्हणजे नाव. तेही शाळेच्या दाराशी ठेवून आत जावे लागले, हे विसरून या शाळेचे गुणगान करणे बरोबर होणार नाही.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकास आला. त्याला शेवटच्या मोहिमेसाठी माणसे हवी होती. १८६६ साली तो आफ्रिकेच्या आत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईच्या आरमारी पलटणीचे १३ शिपाई, जोहान्ना बेटाचे १० लोक आणि नाशिकच्या शाळेतील ९ तरुण होते. शिपाई त्याच वर्षी परत फिरले. जोहान्नाचे लोकही सोडून गेले. नाशिककरांपैकीही सगळे टिकले नाहीत, आणि लिव्हिंगस्टनने आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कडक तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. तरी दोघे-तिघे अखेरपर्यंत राहिले. पुढे १८७२ साली स्टॅन्लेने झांझिबारहून माणसांची नवी तुकडी पाठवली, तीत या शाळेचे आणखी काही विद्यार्थी होते. जेकब वेनराइट त्यांतलाच.

१८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या गावी लिव्हिंगस्टन मरण पावला. चुमा आणि सुसी हे त्याचे जुने सोबती पुढारी होते. परंतु लिहिता-वाचता येणारा वेनराइट होता. पेट्यांतील सामानाची यादी त्याने लिहिली. हृदय झाडाखाली पुरले तेव्हा प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधीचा पाठ त्याने वाचला, आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला तो देह सालीत व कापडात गुंडाळून ही मंडळी समुद्राकडे निघाली. वाटेत लेफ्टनंट कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्याने सल्ला दिला की, प्रेत येथेच पुरावे. त्यांनी मानला नाही. हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडवून, सुमारे नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यास पोचले. हा हट्ट कोणाच्या हुकमाने धरलेला नव्हता. हुकूम देणारा तर सालीत गुंडाळलेला होता.

तेथून विलायतेस मात्र एकट्या वेनराइटला नेण्यात आले. मिशनने त्याच्या प्रवासाचा खर्च केला. चुमा आणि सुसी नंतर पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ले, कर्क अशा नामांकितांच्या रांगेत नाशिकच्या शाळेचा हा विद्यार्थी उभा होता. या घटनेला २०२४ साली १५० वर्षे झाली.

शाळेचे आफ्रिकी पर्व त्यानंतर लौकरच संपले. १८७५ साली प्राइस यांनी मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी नवी वसाहत उभारली आणि मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअर टाउन म्हटले. शरणपूरची मंडळी तेथे गेली. त्यांच्यापैकी काही तर १८६४ पासूनच त्या किनाऱ्यावर काम करीत होती. ज्यांना मुलगेपणी बाजारात उभे केले होते ते आता नव्याने सुटलेल्यांना शिकवू लागले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. वेनराइट १८९२ साली वारला. त्याच्या हातची रोजनिशी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे, लिव्हिंगस्टनच्या जन्मगावच्या संग्रहालयात आहे. मूळ इंग्रजी मजकूर २०१९ साली सर्वांना वाचावयास खुला झाला. लिव्हिंगस्टनच्या पोथ्या डिसेंबर १८७४ मध्येच छापून निघाल्या होत्या!

देह वाहून नेणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासास जिवंत होता. चेंगविंबे हे त्याचे जन्मनाव त्याच्यापुरते तरी नोंदले गेले आहे. फ्रिअर टाउनमध्ये गुलाम पकडणाऱ्यांची धाड आली की एक घंटा वाजवीत. तिचा मनोरा मोंबासास अजून उभा आहे, आणि त्या भागाला लोक केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.