बाण हलका की जड?

धनुष्यबाणाने शिकार म्हटले की आपल्याला पुराणकथा आठवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. अमेरिकेत मात्र अनेक राज्ये हरणांच्या शिकारीसाठी दर वर्षी धनुर्धाऱ्यांना वेगळा हंगाम ठरवून देतात. परवाना घेऊन रानात जाणाऱ्या या मंडळींत एक वाद कायम रंगतो : बाण हलका असावा की जड?

हा नुसता हौशी मंडळींचा वाद नाही. बाण मारतो तो पात्याच्या धारेने. पाते फुफ्फुसांतून आरपार गेले, तर हरीण थोड्याच वेळात कोसळते. ते अर्ध्यावर अडकले, तर जखमी जनावर रानात पळून जाते आणि तडफडत राहते.

बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. समजा, एका धनुष्यातून ३५० ग्रेनचा, म्हणजे साधारण २३ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो. त्याच धनुष्यातून ५०० ग्रेनचा बाण ७३ मीटर वेगाने जाईल. तो मंद खरा. पण वजन आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, त्याच्याकडे सुमारे सव्वापट असतो. बरगडीशी गाठ पडली की हाच संवेग कामी येतो.

मग हलका बाण लोक का घेतात? तो सरळ रेषेत अधिक लांब जातो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते. शिवाय, दोरीचा आवाज ऐकून हरीण दचकून खाली दबण्याआधी बाण पोहोचेल, अशी आशा असते. पण हिशेब करून पाहा. पंचवीस मीटरवर आवाज सेकंदाच्या सात शतांशात पोहोचतो. हलक्या बाणाला एकोणतीस शतांश लागतात, जड बाणाला चौतीस. आवाजाला दोघेही हरवू शकत नाहीत! फार हलका बाण तर धनुष्यालाच इजा करतो. म्हणून ओढीच्या दर पौंडामागे निदान पाच ग्रेन वजन हवे, असा दंडक आहे. साठ पौंडांच्या धनुष्याला किमान तीनशे ग्रेन.

दुसरी गोष्ट ताठपणाची. दोरी मागून ढकलते, पुढचे जड टोक जागचे हलायला वेळ घेते, आणि मधली दांडी वाकते. सुटलेला बाण माशासारखा वळवळत जातो. हे वाकणे मोजण्याची रीत सोपी आहे. २८ इंचांवर दोन टेकू देऊन दांडी आडवी ठेवायची आणि मध्ये ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे. दांडी अर्धा इंच लवली, तर तिचा आकडा ५००. आकडा लहान, तितकी दांडी ताठ. टोक जड केले किंवा दांडी लांब ठेवली, की तोच बाण अधिक लवचीक वागतो. म्हणून आधी पाते आणि लांबी ठरवावी, मग दांडी निवडावी.

शेवटी परीक्षा कागदाची. चौकटीत ताणलेल्या कागदातून बाण मारायचा. नेटके भोक आणि पिसांच्या चिरा उमटल्या, तर बाण सरळ गेला. कागद आडवा फाटला, तर बाण तिरका जातो आहे. त्याचे बळ वाटेतच वाया जाईल.

कागद दुसरा आणता येतो. रानात तशी सोय नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)