गाणे कुणाचे आणि पैसा कुणाचा?

एप्रिल महिना लागला की आपल्याकडील गायन पार्ट्यांना उसंत नसते. आज नाशिक, उद्या परभणी, परवा चेंबूर. सुपारी ठरते, गाडीखर्च निघतो, साथीदारांचे पैसे भागतात आणि जे उरते त्यावर गायकाचे घर चालते. पावसाळा लागला की मात्र हाताला काम नाही. आता तीच गाणी मोबाईलवर बारा महिने वाजतात. मग मिळकतही बारा महिने का होऊ नये, असा प्रश्न होतकरू गायक व गीते लिहिणारे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे असे वाटले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाणे कानाला एकच वाटते, पण सातबाऱ्यावर चार भावांची नावे असावीत तसे त्याचे हक्कदार अनेक असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हे हक्क निरनिराळे मानले आहेत. आपला कलावंत फसतो तो इथेच. गाणे आपण गायिले म्हणजे ते आपले झाले, असे तो धरून चालतो. स्टुडिओचा खर्च करून ध्वनिमुद्रण दुसऱ्यानेच करवून घेतलेले असते, आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींचा पैसा बहुधा त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाच्या खात्यात जातो.

कॅसेटच्या काळात कंपनी एकरकमी पैसे हातावर ठेवी आणि कागदावर सही घेई. घरी चूल पेटण्याची चिंता असलेला माणूस कागद वाचत बसत नाही. पुढे कॅसेट किती खपल्या हे कळायला त्याला मार्गही नव्हता. मात्र एक गोष्ट आपल्या कवींनी फार शहाणपणाने सांभाळली, ती म्हणजे नाममुद्रा. संतांच्या अभंगाप्रमाणेच लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांतही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. गाणारे बदलले, गाव बदलले, तरी लिहिणारा कोण हे ऐकणाऱ्यास कळते. परंतु नाममुद्रेने नाव राहिले, पैसा आला नाही. इंटरनेटवरचे यंत्र शेवटचे कडवे ऐकून मानधन वाटत नाही. गाणे चढवताना गीतकार व संगीतकार यांची नावे वेगळी नोंदवावी लागतात. पुष्कळदा ती जागा कोरीच राहते किंवा तिथे सरळ ‘पारंपरिक’ असे ठोकून दिलेले असते. ज्याचा कवी आपण डोळ्यांनी पाहिला, त्याचे गाणे पारंपरिक कसे?

या कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती त्या वर्षीच्या २१ जूनपासून अमलात आली. तीनुसार गीतकार व संगीतकार यांनी आपला हक्क कंपनीस लिहून दिला, तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या मानधनातील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क सोडले’ असे करारात लिहिले, तरी हा वाटा त्यामुळे जात नाही. तो फक्त वारसांच्या किंवा नोंदणीकृत स्वामित्वहक्क संस्थेच्या नावे करता येतो. हक्क लिहून देणे हे लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. गायकांच्या गायनाच्या व्यापारी वापरावरही याच दुरुस्तीने मानधनाचा हक्क आला.

हक्क असला तरी तो घरी चालत येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ पासूनची संस्था मुंबईत आहे. गायकांची संस्था २०१३ मध्ये स्थापन झाली. सभासद होऊन आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. कवी हयात नसेल तर वारसांनी हे काम करावे. कारण गीतावरचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. वामनदादांचे निधन २००४ सालचे, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहणार. कित्येक गीतकारांच्या वह्या आज घरात ट्रंकेत पडून आहेत. त्यांना रद्दी समजू नये.

स्वतःचे चॅनेल काढणाऱ्यांनी हिशेब नीट समजून घ्यावा. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण लागते. किंवा नव्वद दिवसांत छोट्या चित्रफितींना एक कोटी दर्शने. त्यानंतर मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के चॅनेलवाल्यास मिळतात, आणि खात्यात शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षाला हजार वेळाही न वाजणाऱ्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणास पैसे देणे बंद केले. तेव्हा एवढ्या भरवशावर कुणी नोकरी सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या कलावंताचे पोट अजून बरेचसे सुपारीवरच आहे. इंटरनेटमुळे ती सुपारी दूरच्या गावाहून येऊ लागली, हा लाभ मात्र खरा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांसही एक सांगावयाचे आहे. कार्यक्रमाचे चित्रीकरण करून गायकास न विचारता ते आपल्या चॅनेलवर टाकणे ही आता सर्रास प्रथा झाली आहे. सुपारी दिली म्हणजे चित्रीकरणही विकत घेतले, असे नव्हे. गायकाच्या संमतीशिवाय केलेले मुद्रण हा त्याच्या हक्काचा भंग आहे, आणि हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. सुपारीच्या पावतीवरच ‘चित्रीकरणास परवानगी आहे / नाही’ अशी एक ओळ छापून घ्यावी, आणि परवानगी असेल तर ती चित्रफीत कुणाच्या चॅनेलवर जाईल व येणारा पैसा कसा वाटला जाईल हेही खाली लिहून दोघांनी सह्या कराव्यात.