पिशवीवरची बारीक अक्षरे

भाऊबीजेच्या सकाळी आमच्या घरी बासुंदी काही केल्या आटेना. सौ. तासभर पातेल्याशी उभी! तिकडे बाबा मात्र पेला खाली ठेवून समाधानाने म्हणाले, "आज कितीतरी दिवसांनी दूध दुधासारखे लागले. मला वाटे, म्हाताऱ्यापुरते पाणी घालता."

दूध मी आणले होते. बासुंदीला दोन लिटर फुल क्रीम आणि बाबांना अर्धा लिटर डबल टोण्ड, असे सौ.ने दोनदा बजावले होते. दुकानात मी नेमके उलट सांगितले.

मागच्या वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना हे दूध दिले जाते. ज्यांच्या दारात जन्मभर म्हैस होती, ते वर्षभर काय समजून ते मुकाट्याने पीत होते, हे आम्हांला त्या सकाळी कळले. सौ.चे डोळे भरून आले.

मी पडलो मराठीचा मास्तर. 'टोण्ड' म्हटले की मला दूध न देणारा टोणगाच आठवतो! अखेर चष्मा लावून दोन्ही पिशव्या वाचल्या. फुल क्रीम : स्निग्धांश 6 टक्के, इतर घनपदार्थ 9. डबल टोण्ड : स्निग्धांश दीड टक्का आणि इतर घनपदार्थ तेही 9! म्हणजे कमी झाली ती साय. प्रथिने, कॅल्शियम आणि दुधातली साखर जिथल्या तिथे. साध्या टोण्डमध्ये हेच आकडे 3 आणि साडेआठ असतात.

टोण्ड दूध मुळात आपल्या मुंबईचेच. म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते अधिक घरांना पुरवण्याची ही युक्ती दारा खुरोडी यांची. 1946 साली ती अमलात आली. 1963 चे मॅगसेसे पारितोषिक मिळालेल्यांत त्यांचेही नाव आहे. तेव्हा पाण्याची शंका घेण्यात बाबा अगदीच चुकले नव्हते म्हणा!

पिशवीच्या रंगावर मात्र विसंबू नये. प्रत्येक डेअरीचा निळा निराळा. आइस्क्रीमच्या पेटीतही 'फ्रोझन डेझर्ट' शेजारीच बसलेले असते. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते. मुलांना हे समजावून पाहिले. त्यांनी ऐकता ऐकता कप संपवले.

बाबांना मी दोन्ही पिशव्या दाखवल्या. नऊच्या आकड्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "सूनबाई, ही बासुंदी माझ्याच दुधाची ना? मग साखर घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढ."