सोळा कोअर विरुद्ध सोळा कोअर

"मॅडम, आत्ता आपल्याकडं सोळा कोअर आहेत. नव्यातबी सोळाच. मग एवढे पैसे कशाचे?" मॅनेजरसाहेबांनी कोटेशनवर बोट ठेवून विचारलं. प्रश्न रास्त होता. सांगलीजवळच्या आमच्या पतसंस्थेत पैसा सभासदांचा. पिग्मीत रोज पन्नास रुपये टाकणाऱ्या भाजीवाल्या मावशींना समोर बसवून समजावता येईल, एवढाच खर्च मला योग्य वाटतो. मी उत्तर द्यायला पंधरा दिवस मागून घेतले आणि विक्रेत्याकडून नवं मशीन चाचणीसाठी आणवलं.

जुन्या सर्व्हरमध्ये इंटेलचे दोन झिऑन ई५-२६७० होते. हा प्रोसेसर मार्च २०१२ मध्ये बाजारात आला. प्रत्येकात ८ कोअर, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर ३.३. नव्यात एएमडीचा एकच एपिक ७३१३पी, २०२१ सालचा. १६ कोअर, मूळ वेग ३.० आणि कमाल ३.७. नावातला शेवटचा 'पी' म्हणजे हा बोर्डवर एकटाच बसतो, जोडीला दुसरा चालत नाही. कागदावर पाहिलं तर वेगात फार तर बारा-पंधरा टक्क्यांचा फरक. साहेबांचा संशय त्यातूनच आलेला.

सहामाही व्याज जमा करण्याचं काम आम्हाला सगळ्यात जड जातं. आमचं सॉफ्टवेअर ते एका रांगेत करतं, एक खातं संपलं की पुढचं. त्यामुळे सोळा कोअर असले तरी राबतो एकच, बाकीचे पंधरा बसून. मी डेटाबेसची प्रत एका एसएसडीवर घेतली, जुन्या मशीनवर काम चालवलं, मग तीच एसएसडी काढून नव्यात लावली. डिस्क बदलली असती तर श्रेय कुणाचं हे कळलं नसतं. नवा-जुना सर्व्हर ताडून पाहताना बहुतेक जण इथेच फसतात. जुन्यावर २ तास ४० मिनिटं लागली, नव्यावर १ तास ३५. घड्याळाच्या वेगातल्या बारा टक्क्यांनी एवढा फरक पडणार नाही. उरलेला आला कुठून?

सकाळी पिग्मी एजंट दारातून आत येताना दिसला, की काउंटरवरच्या आमच्या ताई तो टेबलापर्यंत पोचायच्या आत पिग्मीचा स्क्रीन उघडून ठेवतात. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. एखाद दिवशी त्याला स्वतःच्या कर्जाचा हप्ता भरायचा असतो, मग उघडलेलं बंद करून दुसरं उघडायचं. प्रोसेसरही असाच अंदाज बांधत चालतो, सेकंदाला कोट्यवधी वेळा. पुढं काय लागेल ते ओळखून आधीच करून ठेवतो, चुकलं तर टाकून देतो. मधल्या नऊ वर्षांत हे अंदाज बरेच अचूक झाले. घड्याळाच्या एका ठोक्यात उरकणाऱ्या सूचना वाढल्या. आणि हाताशी ठेवायची जागा, म्हणजे कॅशे, जुन्यात प्रत्येकी २० एमबी होती, ती नव्यात एकूण १२८ एमबी झाली. गिगाहर्ट्झच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

या अंदाजाचं एक दुखणंही आहे, आणि ते आम्ही सोसलंय. अंदाजानं उघडलेलं पान बंद केलं तरी कॅशेत त्याची खूण राहते. त्या खुणेवरून जी माहिती आपल्याला दिसायला नको ती हुडकता येते, हे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी जगासमोर आलं. मेल्टडाउनचा मोठा फटका इंटेलच्या प्रोसेसरना बसला. एएमडी त्यातून सुटलं, स्पेक्टरमधून मात्र नाही. दुरुस्तीचे अपडेट टाकल्यावर आमचं रोजचं डे-एंड पंधरा मिनिटांनी लांबलं. अपडेट काढून टाका असं मला सुचवणारे होते. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्या मशीनवर आहे तिथं तसं करणं मला पाप वाटलं. मी नाही केलं.

दुसरी चाचणी चौदा शाखांचे अहवाल एकाच वेळी काढण्याची. जुन्यावर ५२ मिनिटं, नव्यावर २३. इथं सगळे कोअर राबतात आणि सगळ्यांना मेमरीतून माल लागतो. जुन्या प्रत्येक प्रोसेसरला मेमरीकडं जाणाऱ्या चार वाटा, डीडीआर३ च्या, मिळून सेकंदाला ५१.२ जीबी. नव्याला आठ वाटा डीडीआर४ च्या, २०४.८ जीबी. शिवाय जुन्यात एका प्रोसेसरला शेजाऱ्याकडची मेमरी लागली तर मधला पूल ओलांडून जावं लागायचं.

पण पहिल्या कोटेशनमध्ये १२८ जीबी मेमरी ६४ च्या दोन पट्ट्यांत दिलेली होती. दोन पट्ट्या म्हणजे आठांपैकी दोनच वाटा चालू, बाकी सहा बंद. वेग पुन्हा ५१.२ वर, २०१२ सालच्या एका प्रोसेसरइतका! आणि यादी वाचणाऱ्याला १२८ हा आकडा बरोबरच दिसणार. मी १६ जीबीच्या आठ पट्ट्या लिहून घेतल्या. सर्व्हर घेणाऱ्या प्रत्येक शाळा-कॉलेजानं, दवाखान्यानं कोटेशनमधली ही एक ओळ तपासावी, असं मी कळकळीनं सांगते.

चाचणी झाल्यावर मी जुनं मशीन साफ करायला उघडलं. हीटसिंक उचलला तर पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झालेली. स्पिरिटनं पुसल्यावर धातूच्या झाकणावरची अक्षरं वर आली. जुना प्रोसेसर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा चौकोन, दोन खिट्ट्या उघडल्या की हातात येतो. नवा जवळजवळ तळहाताएवढा, खाली ४,०९४ संपर्कबिंदू, वर तीन स्क्रू आणि त्यांच्याशेजारी १, २, ३ असे कोरलेले आकडे. त्याच क्रमानं आवळायचे, काढताना उलट. इतका मोठा कारण आत एक सलग चिप नाही. कोअरचे वेगळे तुकडे आणि मेमरी-डिस्कशी बोलणारा मधला तुकडा एका पाटावर मांडलेत. लहान तुकड्यांत खराब माल कमी निघतो, म्हणून जास्त कोअर परवडतात.

विजेचं मात्र जेवढं सांगतात तेवढं खरं निघालं नाही. जुन्या दोघांचे ११५ प्रमाणे २३० वॉट, नव्याचे १५५, हे आकडे पूर्ण भाराचे. पतसंस्थेचा सर्व्हर दिवसातला बराच वेळ रिकामा असतो. यूपीएसच्या पडद्यावर रिकामं जुनं मशीन १९० वॉट दाखवत होतं, नवं १२०. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. म्हणजे बचत सव्वासहाशे युनिटांच्या आत, एसीचं वेगळं. ती हवीच, पण तेवढ्यासाठी सर्व्हर बदलला नसता.

विक्रेता ६४ कोअरचा आग्रह धरत होता. पण व्याजाचं काम एकाच कोअरवर चालतं, त्याला चौसष्टांचा काय उपयोग? आणि विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअर मोजून द्यावा लागतो, सर्व्हरमागं किमान सोळा. सोळापर्यंत तेवढेच पैसे, पुढं प्रत्येक कोअरला जादा. साहेबांना मी दोन्ही चाचण्यांचा कागद आणि हा हिशेब दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, पट्ट्यांची ओळ पुन्हा विचारून घेतली आणि सही केली.

जुनं मशीन भंगारात दिलं नाही. त्यावर लिनक्स टाकलं. २०२५ मध्ये आलेलं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० त्यावर बसत नाही, कारण त्याला एव्हीएक्स२ या सूचना लागतात आणि २०१२ च्या या प्रोसेसरला त्या ठाऊक नाहीत. मागची आवृत्ती चालते. दर शनिवारी संध्याकाळी शाखा बंद झाल्या की मी आठवड्याचा बॅकअप त्यावर पूर्ण उतरवून पाहते, खाती आणि बाकी जुळते का ते तपासते. रात्री उशिरापर्यंत त्याचे पंखे फिरत असतात. सोमवारी सकाळी आल्यावर कीबोर्डाला हात लावायच्या आधी मी त्याचा अहवाल वाचते.