फ्रीजमधला खजिना

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे एक डबी असते. तिला कुणी हात लावायचा नाही! पोरं चिडवतात, ‘आईचा खजिना’. आत असते चिमूटभर पिवळी भुकटी, लिलीचे परागकण.

त्याचं असं झालं, २०१९ साली माहेरचा वाडा विकला. आईने लावलेल्या लाल लिलीचा एकच कांदा मी पदरात बांधून आणला. (बागवाले हिला हिप्पीएस्ट्रम म्हणतात, आपली लिलीच बरी.) ती मार्चात फुलायची, शेजारच्या काकूंची पांढरी लिली एप्रिल सरताना. दोघींचा संकर करावा असं फार मनात होतं, पण गाठ कशी पडायची? म्हणून पराग साठवायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी फजिती. ताजे परागकोश तसेच डबीत कोंबले, महिन्याने पाहते तर बुरशी! ओलावा हाच वैरी. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, फूल उमलताच सहाही पुंकेसरांची टोकं कात्रीने कागदावर काढली. सावलीत दिवसभर वाळवली, पंखा बंद ठेवून. नाहीतर सगळं उडालं असतं. भुकटी कागदाच्या पुडीत, पुडी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत. सोबत नव्या चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. वर नाव, तारीख.

नेमकी त्या वर्षी काकूंची लिली रुसली, फुललीच नाही. डबी फ्रीजरमध्ये राहिली. आणि पावसाळ्यात माझ्या कुंडीत पाणी साचून आईचा कांदा कुजला. हाताला नुसता लगदा लागला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

२०२२ च्या एप्रिलात काकूंनी कुंपणावरून हाक मारली, ‘‘अगं, कळी आली!’’ कळी उमलायच्या आत तिचे पुंकेसर काढून टाकले. डबी बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवली. गार बाटली लगेच उघडली तर आत दमट हवा शिरते. मधल्या दांडीचं टोक तीन फाकांत उघडलं, तेव्हा कानकोरणीच्या कापसाने पराग लावले. वर्षाचे जुने, धरतील का? पण पंधरवड्यात बोंड फुगलं. जूनमध्ये काळ्या, कागदासारख्या पातळ बिया निघाल्या. अकरा रोपं जगली. बियांच्या लिलीला फुलायला तीनेक वर्षं लागतात.

यंदा एकीला दांडा आलाय. कळी अजून हिरवी, मिटलेली. काकू रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, ‘‘काय गं, लाल की पांढरी?’’